जुन्या विज्ञानकथा: काय पुसले, काय उरले



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानाला बोलाविले म्हणजे तो महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आजचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर साठसत्तर वर्षांपूर्वी दाखविल्या गेलेल्या विज्ञानकथा आणि प्रक्षेपणाची बदलत गेलेली प्रमाणे, यांचा कामगार चळवळीशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे शालेय शिक्षण थोडे. पुढचे जे काही मिळाले ते वाचनालयाच्या बाकावर मिळाले. या जुन्या मालिका आता तबकड्यांवर मिळतात. त्या एकेक करून पाहताना लक्षात आले की कुठे पहिले दोन भाग आहेत आणि पुढचे चार नाहीत, कुठे आवाज आहे आणि चित्र नाही, कुठे रंगीत चित्रीकरण झालेले असून चित्र मात्र काळेपांढरे. याची कारणे शोधू लागलो तेव्हा निम्मी यंत्रशास्त्रात सापडली आणि निम्मी मजुरीच्या करारात. हा दुसरा निम्मा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून आपल्यापुढे उभे राहण्याचे धाडस केले.

प्रमाण म्हणजे काय

प्रथम यंत्राची बाजू समजून घेऊ. टेलिव्हिजनचे चित्र छायाचित्रासारखे एकसंध नसते. ते कापडासारखे विणलेले असते. मागावर धोटा जसा एकामागून एक आडवे धागे टाकीत जातो, तसा जुन्या संचाच्या काचेवर विद्युत्कणांचा झोत एकेक आडवी रेघ ओढीत वरून खाली उतरतो. त्यात खुबी अशी की पहिल्या खेपेत तो एकाआड एक रेघा ओढतो आणि दुसऱ्या खेपेत मधल्या मोकळ्या जागा भरतो. ब्रिटनमध्ये अशा सेकंदाला ५० खेपा, म्हणजे २५ पुरी चित्रे, ठरली होती. एका चित्रात रेघा किती, सेकंदाला चित्रे किती, चित्राचा पन्हा आणि उंची यांचे नाते काय, हे पाठविणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी ठरवून घ्यावे लागते. या ठरवून घेण्यालाच प्रमाण म्हणतात. वस्तुतः तो एक करारच असतो. एका बाजूला प्रक्षेपण केंद्र, दुसऱ्या बाजूला संच बनविणारा कारखानदार आणि तिसऱ्या बाजूला पदरचे पैसे मोजून संच घेणारे कुटुंब.

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले तेव्हा दोन प्रमाणांची स्पर्धा होती: बेअर्ड यांची २४० रेघांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची. १९३७ च्या आरंभी ४०५ रेघांचा निकाल लागला. युद्धामुळे १९३९ ते १९४६ प्रक्षेपण बंद होते. त्यानंतर तेच प्रमाण पुढे चालले. दरम्यान अमेरिकेने ५२५ रेघा पत्करल्या आणि युरोपच्या बहुतेक देशांनी ६२५. ब्रिटनमध्ये ६२५ रेघा आल्या त्या एप्रिल १९६४ मध्ये, बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीबरोबर. १९६७ साली त्या वाहिनीवर रंग आला, नोव्हेंबर १९६९ मध्ये मुख्य वाहिन्यांवरही आला, आणि ४०५ रेघांची शेवटची केंद्रे जानेवारी १९८५ मध्ये बंद झाली. जुने संच घेतलेल्या माणसांना एवढी वर्षे सांभाळून घेतले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. आपल्याकडे दिल्लीला १९५९ साली आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी टेलिव्हिजन आला तो ६२५ रेघांचाच, त्यामुळे ही रेघांची ओढाताण आपण अनुभवलीच नाही.

पुन्हा दाखवणे म्हणजे पुन्हा करणे

आता कथांकडे वळू. ११ फेब्रुवारी १९३८ रोजी बीबीसीने कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ नाटकातला सुमारे ३५ मिनिटांचा भाग दाखविला. टेलिव्हिजनवरची ती पहिली विज्ञानकथा मानतात. जगाला ‘रोबो’ हा शब्द याच नाटकाने दिला, आणि चेक भाषेत त्याचे मूळ वेठ या अर्थाच्या शब्दात आहे. वेठीला धरलेली यंत्रमाणसे मालकाविरुद्ध उठतात, अशी ती कथा. त्या प्रयोगाचे मुद्रण नाही, कारण मुद्रण करण्याचे साधनच नव्हते. नट स्टुडिओत उभे राहत, कॅमेरे त्यांच्याभोवती फिरत, आणि जे घडे ते त्याच क्षणी घराघरात जाई. नाटक संपले की संपले.

१९५३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘द क्वाटरमास एक्सपरिमेंट’ ही सहा भागांची मालिका अशीच थेट सादर झाली. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिये. अवकाशात गेलेल्या तीन माणसांपैकी एकच परत येतो आणि हळूहळू तो माणूस राहत नाही, हे कथासूत्र. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत जो राक्षस दिसला, तो म्हणजे खुद्द लेखकाचे हात होते. हातमोज्यांना रबर आणि पालापाचोळा चिकटवून त्याने ते मंदिराच्या मोठ्या छायाचित्रातून पलीकडून आत घातले होते. आज आपण तो प्रसंग पाहू शकत नाही. टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून पहिल्या दोन भागांची प्रत उतरविली. ती चांगली उतरत नाही असे ठरून पुढचे चार भाग उतरविलेच नाहीत. दुसऱ्या भागात पडद्यावर बसलेला एक किडा चित्रात फिरताना दिसतो. कथेशी त्याचा काही संबंध नाही, पण तो अमर झाला आणि शेवटचे चार भाग गेले.

पुढच्याच वर्षी, रविवार १२ डिसेंबर १९५४ रोजी, नील आणि कार्टिये या जोडीने ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे नाट्यरूप सादर केले. पीटर कुशिंग नायक होता. छळाचे प्रसंग पाहून लोक हादरले, पार्लमेंटमध्ये ठराव मांडले गेले, काहींनी दुसरा प्रयोग बंद करा म्हणून मागणी केली. बीबीसी डगमगली नाही. गुरुवारी १६ तारखेला दुसरा प्रयोग झाला. आज आपण पाहतो ती त्या गुरुवारची फिल्म.

येथे मी आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. गुरुवारचा प्रयोग म्हणजे रविवारची फीत लावणे नव्हते. सगळे नट, वादक, कॅमेरावाले, रंगभूषाकार पुन्हा कामावर आले आणि सारे नाटक त्यांनी पुन्हा केले. पुन्हा दाखवायचे तर पुन्हा काम, आणि पुन्हा कामाची पुन्हा मजुरी, हा त्या काळचा साधा हिशेब होता. मग १९५८ पासून ब्रिटनच्या स्टुडिओंत चुंबकीय फीत आली आणि हिशेब पालटला. एकदा काम करून घ्या, फीत ठेवा, हवी तितक्या वेळा लावा. नटाच्या जागी त्याचेच चित्र कामाला लागणार.

हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत एक कारण हेच होते की विणकऱ्याने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, असा मालकांचा बेत होता. एका माणसाच्या हातून अधिक माल निघाला तर उरलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न नटालाही लागू आहे. म्हणून नटांची संघटना ‘इक्विटी’ आणि वादकांची संघटना यांनी करार केले: मुद्रित कार्यक्रम ठरावीक मुदतीत आणि ठरावीक वेळाच पुन्हा दाखवावा, आणि त्याचे पैसे द्यावेत. संघटनेने भाकरीचे रक्षण करायचे असते. ते या संघटनांनी केले. त्यांना दोष देणारा माणूस स्वतः कधी रोजंदारीवर जगलेला नसतो.

फिती कोणी पुसल्या

परंतु या कराराची सावली कोठवर पडली ते पाहा. मुदत संपलेली फीत मालकाच्या दृष्टीने निरुपयोगी होती. दाखविता येत नाही, आणि जागा मात्र अडवते. फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. त्यात प्रमाण बदलले. ६२५ रेघा आणि रंग आल्यावर ४०५ रेघांचा काळापांढरा माल कोण पाहणार, असे ठरले. एक कारण यंत्राचे, एक कराराचे, एक पैशाचे; तिन्ही मिळून फिती पुसल्या गेल्या. कोणा एका दुष्ट माणसाचे हे कृत्य नाही. कार्यक्रम जपणे हे नेमून दिलेले कामच कोणाकडे नव्हते. बीबीसीने काय ठेवावे हे ठरविण्यासाठी खास अधिकारी नेमला तो १९७८ साली.

नुकसान केवढे झाले? ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक लखनौला जन्मलेला तरुण वारिस हुसेन. साठच्या दशकात तिचे २५३ भाग झाले. त्यांच्या मूळ फिती जवळजवळ साऱ्या पुसल्या गेल्या, आणि नव्वदहून अधिक भागांची कोणतीही प्रत अजून हाती लागलेली नाही. १९६१ सालच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’चे सात भाग होते, पुरा असा एकच उरला आहे. या मालिकेचे एक लेखक फ्रेड हॉईल. दूरच्या तारकाविश्वाकडून संदेश येतो, त्यात एक गणकयंत्र बांधण्याची कृती असते, आणि ते यंत्र पुढे माणसांनाच वागवू लागते, अशी त्यांची कल्पना. त्याच काळात आपले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. नारळीकरांनी पुढे मराठीत विज्ञानकथा रुजविली, हे सांगायला नको. त्यांच्या गुरूची मालिका मात्र त्यांच्या वाचकांना आज पुरती पाहता येत नाही.

उरले ते कसे उरले

आता जे उरले त्याचे कारण ऐका. ते फार शिकविणारे आहे. ब्रिटनची ४०५ रेघांची फीत दुसऱ्या देशातल्या यंत्रावर चालत नसे. म्हणून परदेशी विक्रीसाठी बीबीसी तिची १६ मिलिमीटरची फिल्म उतरवीत असे. फिल्मला रेघांशी कर्तव्य नाही. उजेड आणि पडदा असला की ती कोणत्याही देशात चालते. अशा प्रती ऑस्ट्रेलियापासून नायजेरियापर्यंत गेल्या. लंडनमधल्या मूळ फिती पुसल्या गेल्या, पण या प्रती कोठे कोठे पडून राहिल्या. १९८३ साली दोन भाग लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात मिळाले. एक चार भागांची कथा हाँगकाँगहून परत आली. २०१३ साली हरवलेले नऊ भाग नायजेरियातल्या एका केंद्राच्या कोठीत सापडल्याचे जाहीर झाले. म्हणजे प्रमाणांच्या ज्या भांडणामुळे माल टाकाऊ ठरला, त्याच भांडणामुळे त्याच्या प्रती झाल्या.

प्रमाण हा शब्द सभ्यतेच्या अर्थानेही वापरतात: काय दाखवावे, काय दाखवू नये. त्याचीही अशीच गंमत झाली. ऑस्ट्रेलियाच्या परीक्षकांनी मुले घाबरतील म्हणून या फिल्ममधले काही तुकडे कापून काढले. पुढे ते भाग हरवले, पण कापलेले तुकडे सरकारी दप्तरात सुरक्षित होते. ते १९९६ साली सापडले. काही भागांचे आज जे काही चालते चित्र उपलब्ध आहे, ते केवळ दाखविण्यास अयोग्य ठरलेल्या क्षणांचे आहे.

आणि आवाज? ‘डॉक्टर हू’च्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज शाबूत आहे. तो ठेवला कोणा संस्थेने नाही. घरी टेलिव्हिजनसमोर ध्वनिमुद्रक ठेवून बसलेल्या प्रेक्षकांनी. त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते आणि त्याचा एक पैसाही मिळणार नव्हता.

दुरुस्तीचे कारागीर

अलीकडच्या काळात या चित्रांची जी दुरुस्ती झाली तीही समजून घेण्यासारखी आहे. फिल्मवर उतरविताना सेकंदाच्या ५० खेपांच्या २५ चौकटी झाल्या आणि हालचालीचा मूळचा सरळ ओघ गेला. आता गणकयंत्राने मधल्या अवस्था हिशेबाने काढून तो ओघ परत आणता येतो. १९७१ सालची ‘द डीमन्स’ ही कथा रंगीत होती, पण तिच्या बहुतेक भागांची काळीपांढरी फिल्मच उरली होती. अमेरिकेत एका प्रेक्षकाने घरी घेतलेले ५२५ रेघांचे रंगीत मुद्रण मिळाले. १९९२ साली या मुद्रणातला रंग आणि फिल्ममधला बारकावा एकत्र जोडला. दोन देशांच्या मागांवर विणलेली कापडे एकमेकांवर बसवून शिवावीत, तसे हे काम आहे.

याहून अद्भुत गोष्ट २००८ साली घडली. रंगीत कार्यक्रमाची काळीपांढरी फिल्म उतरविताना रंगाचा संदेश गाळण्याचे पुष्कळदा राहून जाई, आणि तो बारीक ठिपक्यांच्या रूपाने फिल्मवर उमटे. ते ठिपके दोष म्हणून गणले जात. बीबीसीतल्या आणि बाहेरच्या काही तंत्रज्ञांनी ओळखले की रंग या ठिपक्यांतच दडलेला आहे. त्यांनी तो वाचून दाखविला. प्रथम एका विनोदी मालिकेचा भाग असा रंगीत झाला, आणि नंतर ‘डॉक्टर हू’च्या ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ या कथेचे पाच भाग.

माझ्या पेशाला धरून एक नोंद करतो. १९६९ च्या अखेरीस बीबीसीच्या स्टुडिओतील कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे ‘डॉक्टर हू’ची पहिली रंगीत कथा ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ स्टुडिओत होऊ शकली नाही. ती सारीच्या सारी बाहेर, १६ मिलिमीटर फिल्मवर घेतली. त्या काळच्या कथांपैकी आजच्या उच्च प्रमाणाच्या संचावर खऱ्या अर्थाने उठून दिसते ती हीच, कारण फिल्ममधला बारकावा ६२५ रेघांत अडकलेला नव्हता. उलट, १९७९ साली दुसऱ्या एका संपामुळे ‘शाडा’ ही कथा अर्धवटच राहिली. संपाची दोन्ही फळे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत.

आज पाहताना

या मालिका आज पाहाव्यात काय? पाहाव्यात, पण त्यांच्या पन्ह्यात पाहाव्यात. त्यांचे चित्र चारास तीन या मापाचे आहे. आजचा पडदा सोळास नऊ. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले तर माणसे जाडी दिसतात, कापले तर डोकी जातात. बाजूला काळी जागा राहिली तर राहू द्यावी. भिंती हलतात, राक्षस रबरी दिसतो, हे खरे. पण ‘क्वाटरमास अँड द पिट’ पाहा. १९५८-५९ साली, लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या वस्तीवर हल्ले झाले त्याच वर्षाच्या अखेरीस, ही मालिका सुरू झाली. परक्याला झुंडीने ठार मारण्याची वृत्ती माणसात कोठून आली, असा प्रश्न तिने विचारला. रेघा ४०५ होत्या. प्रश्न आजच्या प्रमाणातही तितकाच स्पष्ट दिसतो.

आता शेवटचा मुद्दा. ‘डॉक्टर हू’मधल्या डालेक या यंत्रराक्षसाची कल्पना लेखक टेरी नेशन यांची आणि रूप रेमंड कुसिक यांचे. नेशन स्वतंत्र लेखक होते, त्यांच्या करारात हक्काचा वाटा होता; खेळण्यांच्या विक्रीतून ते श्रीमंत झाले. कुसिक पगारी नोकर होते. त्यांना खुशीची थोडी रक्कम मिळाली. आणि २०२३ साली बीबीसीने आपल्या जालसेवेवर ८०० हून अधिक जुने भाग खुले केले तेव्हा पहिल्याच कथेचे चार भाग त्यात नव्हते, कारण दिवंगत लेखकाच्या वारसाशी हक्काबाबत एकमत झाले नाही. फीत शाबूत असूनही करार नीट नसला की चित्र दिसत नाही.

आपल्या घरची स्थितीही पाहा. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही अंशच उरला आहे आणि १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तोवर पुष्कळ नष्ट झाले होते. आज तर प्रत घरी ठेवण्याची सवयच मोडत चालली आहे. कंपनी दाखवील तोवर पाहायचे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की मजुरीचा करार करताना दोन कलमे वेगळी लिहावीत. मुद्रित काम जितक्या वेळा वापराल तितक्या वेळा करणाऱ्याला वाटा द्या, हे एक. आणि वापरा अथवा न वापरा, ते पुसू नका, हे दुसरे. इक्विटीच्या त्या पिढीने पहिल्यासाठी झगडा केला. दुसरे कलम लिहावे लागेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही. फीत ठेवणे हे मालकाचे काम, असे सगळे धरून चालले होते. आज यंत्राने नटाचा चेहरा आणि आवाज नव्याने बनविता येऊ लागला आहे, आणि १९५८ चा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. या वेळी दोन्ही कलमे एकदम लिहिली जावीत, आणि ती लिहिताना प्रेक्षकांनी कामगारांच्या बाजूला बसावे. ध्वनिमुद्रक घेऊन बसलेल्या त्या घरांनी आपली जागा कोठे आहे हे दाखवून दिलेच आहे.